कट क्रिस्टलची फुलदाणी: जुनी अमेरिकन घ्यावी की वॉटरफर्ड?

दोन्ही लेड क्रिस्टलच्या, म्हणजे शिसं मिसळलेल्या काचेच्या, दोन्ही हाताने कापलेल्या, मग एवढा विचार कशाला असं वाटेल, पण कलेक्शनसाठी घेताय ना, मग आधी वय बघा. आयर्लंडच्या वॉटरफर्डचा मूळ कारखाना १७८३ला सुरू झाला, १८५१ला बंद पडला आणि परत उभा राहिला तो थेट १९४७ला. म्हणजे तळाशी अ‍ॅसिडने उमटवलेलं नाव (ते नव्या कारखान्याचंच असतं) दाखवून कोणी शंभर वर्षं जुनी म्हणत असेल तर हिशोबच जुळत नाही. पीस सुंदर असेल, फक्त अँटिक नाही.

जुनी अमेरिकन म्हणजे ब्रिलियंट पिरियडची, खोल कापाच्या जाड काचेचा तो काळ. तो माल साधारण १८७६ ते १९१७ मधला, सगळाच शंभरी पार केलेला. यातल्या बऱ्याच फुलदाण्यांवर मार्क, म्हणजे कंपनीची खूण, नसतो आणि लोक तिथेच कच खातात. मला विचाराल तर मार्कपेक्षा कापावर विश्वास ठेवा, कारण मार्क काय, नंतरही उमटवता येतो.

बोटाचं टोक कंगोऱ्यावरून हळूच फिरवा, खरा काप टोचतो, साच्यातला पैलू गोलसर लागतो. मग हात आत घाला. आतून एकदम सपाट असेल तर छान, पण बाहेरच्या नक्षीबरोबर आतही उंचवटे लागले तर ती नक्षी आधी साच्यात पाडून वरून फक्त कापून घेतलीये, मेहनत कमी, मोल कमी. आणि काठ नक्की बघा, नक्षी वर मध्येच तुटल्यासारखी वाटली तर टवका उडालेला काठ घासून सारखा केलेला असतो.

आतून पांढरट दिसणारी मात्र कोरडी करूनच बघायची, ओली असताना तो धुरकटपणा लपतो. पाण्याचा क्षार असेल तर व्हिनेगरने जातो, काचच खराब झाली असेल तर नाही जात.

रोज फुलं ठेवायची असतील तर सरळ वॉटरफर्ड घ्या, एखादी फुटली तरी तशीच दुसरी मिळण्याची शक्यता बरीच. कपाटात ठेवून उजेडात फिरवून बघायची असेल तर अमेरिकनच, खोल काप आणि जाड काच यामुळे ती जी चमकते त्याला तोड नाही. फक्त तिच्यात गरम पाणी कधीच ओतू नका, जाड काच आहे म्हणून सहन करेल असं मलाही वाटलं होतं, आणि तळापासून काठापर्यंत सरळ तडा गेला.