ताबोच्या मठाच्या नावाखाली उकळलेले पैसे

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात निघालेल्या प्रत्येकानं आधी एवढं ध्यानात ठेवा. काझा, ताबो, धनकर किंवा ‘की’ गावचा गोम्पा (मठ) यांपैकी कुठंही जायला भारतीय नागरिकाला इनर लाइन परमिट, म्हणजे सीमेलगतच्या भागात जाण्याचा सरकारी परवाना, लागत नाही. आमच्याकडून याच परमिटसाठी माणशी १,८०० रुपये घेतले, आणि तिथून जी मागणी सुरू झाली ती परत येईपर्यंत थांबली नाही.

ताबो पाहायची इच्छा आईची. आमच्या घरी बुद्धवंदना रोज होते. अजिंठा, कार्ले, कान्हेरी तिचं सगळं पाहून झालेलं. पण लेण्यांत आज भिक्खू राहत नाहीत. ताबोचा मठ सन ९९६ मध्ये उभा राहिला, मातीच्या भिंतींचा, आणि तिथं अजूनही भिक्खूसंघ नांदतो. हे कळल्यापासून तिनं ध्यासच घेतला होता. समाजमाध्यमावर एका सहल-आयोजकाची जाहिरात दिसली: मठातच मुक्काम, पहाटे लामांबरोबर पूजा, सोबत ध्यान. फोटो अस्सल होते, मठाचेच. फोनवरचा माणूस हिंदी बोलणारा, अतिशय आदबशीर. आम्ही महाराष्ट्रातले बौद्ध आहोत हे कळल्यावर तो प्रत्येक फोन ‘नमो बुद्धाय, माताजी’ म्हणून सुरू करायचा. आमची श्रद्धा त्यानं हेरली आणि तिचाच धंदा केला, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

त्याच्या प्रत्येक मागणीत थोडं खरं असायचं, म्हणून ती पटायची. परमिटचंच बघा. परदेशी नागरिकांना शेजारच्या किन्नौर जिल्ह्यातून ताबोकडे येताना सीमेलगतच्या पट्ट्यासाठी ते खरोखर लागतं. इंटरनेटवर शोधलं की त्याची माहिती मिळते, फॉर्मही दिसतो, आणि माणसाला वाटतं, बरोबरच सांगतोय की हा! रोहतांगचंही तसंच. खिंडीवर गाडी न्यायला परवाना लागतो, पण अटल बोगद्यातून पलीकडे जायला लागत नाही. त्यानं मात्र ‘मनालीकडून परतताना लागेल’ म्हणून त्याचेही पैसे लावले. मग आलं धम्मदान. दीपपूजेसाठी ५,१०० रुपये, मठाच्या खात्यात. पाठवलेला क्यूआर स्कॅन केला तर नाव कुणा खासगी व्यक्तीचं आलं. विचारलं तर म्हणाला, ते मठाचे खजिनदार आहेत.

एक मागणी तर जिवावरची होती. चेकपोस्टवर वैद्यकीय दाखला मागतात असं सांगून त्यानं दोघींचे दाखले परस्पर ‘काढून’ पाठवले. शिक्का, सही, सगळं होतं. आईला रक्तदाबाचा त्रास आहे आणि ताबो समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरहून उंच आहे. ज्या डॉक्टरनं तिला पाहिलंच नाही त्याच्या सहीनं ती ‘तंदुरुस्त’ ठरली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी गोळ्या बदलून दिल्या आणि बजावलं, शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको असं मुक्काम करत हळूहळू वर चढा. मनालीहून एकदम कुंझुम खिंड गाठू नका, ती ४,५०० मीटरच्या वर आहे. असा विकतचा दाखला कुणी हातावर ठेवला तर कृपा करून त्याच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ नका.

ताबोच्या वाटेवरच्या सुमदो इथल्या चेकपोस्टवर पोलिसानं आधार कार्ड पाहून नोंद केली आणि आमच्या परमिटचा कागद तसाच परत दिला. म्हणाला, हे आमचं नाही, आणि तुम्हाला लागतही नाही. दाखला कुणी मागितलाच नाही.

ताबोला मठात आमच्या नावाची नोंद नव्हती. तिथल्या भिक्खूंनी सगळे कागद शांतपणे वाचले आणि सांगितलं, या नावाचा खजिनदार आमच्याकडे कुणी नाही. एक खोली रिकामी होती ती त्यांनी दिली, रास्त भाड्यात. पूजेला बसायचे पैसे पडत नाहीत हेही त्यांच्याकडूनच कळलं. ज्याला दान द्यायचं त्यानं तिथल्या पेटीत टाकावं, किती ते ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या पावतीवर ‘आतील छायाचित्रणाची परवानगी, ७०० रुपये’ अशीही ओळ होती. जुन्या मंदिरात फोटो काढायला मुळातच मनाई आहे! तिथली भित्तिचित्रं शेकडो वर्षांपूर्वीची आहेत, आत अंधार असतो, बॅटरीच्या उजेडात एकेक भिंत बघावी लागते. भिंतींना लागून मातीच्या मूर्ती आहेत. आई प्रत्येकीपुढे हात जोडून उभी राहिली. तिला जे पाहायचं होतं ते तिनं पाहिलं, आणि त्यात त्या माणसाचा काडीचाही वाटा नव्हता.

घरी परतल्यावर जाब विचारला तर लगेच नरमला. ‘माताजी, गैरसमज झाला, पैसे परत करतो,’ म्हणत त्यानं नवा क्यूआर पाठवला. स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल म्हणाला. आपल्या खात्यात पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. तो मी टाकला नाही.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. व्यवहाराचे क्रमांक, क्यूआर, संभाषणाचे स्क्रीनशॉट, बनावट परमिट, सगळं जोडलं. तक्रार लवकर झाली तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. आमचे सुरुवातीचे पैसे तोवर पुढे सरकले होते, फक्त शेवटच्या हप्त्याची रक्कम बँकेनं रोखून धरली आहे. ते जाहिरातीचं पान मात्र नाव बदलून अजून चालू आहे. आता त्यावर की गोम्पाचा फोटो आहे आणि परमिटचा दर माणशी २,२०० झालाय.