ठमीसाठी डॉक्टर घरी आल्या: घरपोच दयामरण सेवेचा आमचा अनुभव

पाळीव प्राण्याला शेवटचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर घरी येतात, अशी सेवा आम्ही आमच्या मांजरीसाठी, ठमीसाठी, घेतली. सेवा चांगली होती हे मनापासून सांगते, आणि जिथे कमी पडली तेही लिहिते. नाव देत नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्या जवळ कदाचित दुसरीच सेवा असेल. तिला फोन करताना काय विचारायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल.

ठमी सोळा वर्षांची होती. तिला मूत्रपिंडाचा जुना आजार होता. म्हाताऱ्या मांजरांमध्ये तो खूप आढळतो, आणि मूत्रपिंडाचा गेलेला भाग परत येत नाही. औषधपाण्याने वेळ मिळतो, इतकंच. आम्हाला बराच मिळाला. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलायची, सुई सरकवायची आणि सलाईन आत सोडायचं, हे काम नवरा करायचा आणि ठमी आईंच्या मांडीवर बसून ते चालवून घ्यायची. आई म्हणजे माझ्या सासूबाई. ठमी खरं तर त्यांचीच. पुढे सलाईनचाही उपयोग होईना. तोंडात फोड आले, श्वासाला उग्र वास यायला लागला. भूक लागल्यासारखी ताटलीपाशी जायची, वास घ्यायची आणि मान फिरवून निघून जायची. दिवसातला निम्मा वेळ अंग चाटत बसणारी ही मांजर, तिने अंग चाटणंच सोडलं. पाठीवरचे केस गुठळ्या होऊन उभे राहिले.

नेहमीच्या डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट बघून स्पष्ट सांगितलं की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. दवाखान्यात आणा, मी इंजेक्शन देतो, म्हणाले. पण ठमीला टोपलीची दहशत होती. टोपली माळ्यावरून काढल्याचा नुसता आवाज आला की ती वॉशिंग मशीनच्या मागे शिरायची. गाडीत तोंड उघडून धापा टाकायची, आणि दवाखान्यात कुत्र्यांच्या वासाने अशी अंग चोरून बसायची की तपासायला उलगडावी लागायची. नवऱ्याने विचारलं, औषध तर तेच, मग घरी बोलावून वेगळं काय होणार? प्रश्न बरोबर होता. औषध तेच असतं. वेगळा असतो तो त्याआधीचा तास, आणि तो तास तिच्या टोपलीत जाऊ नये असं आम्हाला वाटत होतं.

पहिला फोन ज्या मुलाने उचलला त्याने आधी वजन विचारलं, मग पत्ता, मग पैसे कसे भरणार ते. मांजरीला काय झालंय हे विचारलंच नाही. मी फोन ठेवणार होते. पण थोड्याच वेळात स्वतः डॉक्टरांचा फोन आला आणि तिथून सगळं बदललं. त्यांनी ठमीचं नाव विचारलं आणि पुढे पूर्ण बोलणं तिच्या नावानेच केलं. खाते का, लघवी होते का, उलट्या किती, लपून बसते का. मग म्हणाल्या, ती झोपलेली असताना मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा आणि मला कळवा. शांत झोपेत तीसच्या आत असले तर ठीक. श्वास फुगायला लागला, पोट आत-बाहेर व्हायला लागलं, तर माझी वाट बघू नका, जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्यात न्या. आमची सेवा तातडीची नाही, हे त्यांनी न विचारता सांगितलं. माझा विश्वास बसला तो या वाक्यामुळे. धाप लागलेल्या प्राण्याला घरच्या शांततेपेक्षा ऑक्सिजनची गरज आधी असते, आणि स्वतःचं काम सोडून देऊन हे सांगणारा माणूस बरोबर असतो.

त्यांनी एक तक्ता पाठवला. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेली ही मोजपट्टी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण, दहा म्हणजे सगळ्यात चांगलं. बेरीज पस्तीसच्या वर असेल तर प्राण्याचं जगणं अजून बरं चाललंय असं धरतात. डॉक्टरांची अट एकच होती, घरातल्या प्रत्येकाने तक्ता वेगळा भरायचा, एकमेकांचा बघायचा नाही.

नवऱ्याचे आणि माझे आकडे जवळपास सारखे आले. आईंची बेरीज आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. आनंदाला त्यांनी आठ गुण दिले होते. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘रात्री माझ्याजवळ येऊन बसते ना अजून.’ आम्ही काहीच बोललो नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी आईंना वेगळा फोन केला. काय बोलल्या ते पूर्ण माहीत नाही, पण त्यानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई रोज रात्री एक खूण करायला लागल्या, बरा दिवस असेल तर गोल, वाईट असेल तर फुली. फुल्या ओळीने यायला लागल्या तेव्हा त्यांनीच कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘बोलव त्यांना.’ तक्त्यावरच्या बेरजेपेक्षा या कॅलेंडरचा आम्हाला जास्त आधार झाला. निर्णय त्यांचा त्यांनी घेतला, आमच्याकडून तो लादला गेला नाही, आणि त्याचं श्रेय मी डॉक्टरांनाच देते.

आदल्या संध्याकाळच्या फोनवर पुढे काय काय होईल ते क्रमाने कळलं. आधी भुलीचं इंजेक्शन, स्नायूत. ठमी पूर्ण बेशुद्ध झाल्याशिवाय दुसरं औषध देणार नाही. दुसरं औषध पेंटोबार्बिटल. हेही मूळचं भुलीचंच औषध आहे, इथे ते खूप मोठ्या मात्रेत शिरेतून देतात. आधी मेंदूची जाणीव जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. कुत्र्या-मांजरांसाठी अमेरिकन पशुवैद्यक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं हीच पद्धत पहिली मानतात. मनावर परिणाम करणाऱ्या औषधांबद्दलच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात हे औषध नियंत्रित यादीत आहे, त्यामुळे प्रत्येक थेंबाची नोंद ठेवावी लागते. नवऱ्याने विचारलं, दुखतं का? त्यांचं उत्तर जसंच्या तसं आठवतंय: ‘पहिली सुई टोचलेली कळेल. त्यानंतरचं काही कळणार नाही.’

शेवटची गोष्ट सांगायला त्यांनी जास्त वेळ घेतला. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. लघवी होऊ शकते. हृदय थांबल्यावरही एखादा उसासा येतो, मिशी किंवा पंजा हलतो. ती जागी नसते, शरीराची ती आपोआप होणारी हालचाल असते. हे त्यांनी आईंनाही वेगळं सांगितलं.

येण्याच्या दोन तास आधी द्यायला त्यांनी एक गोळी लिहून दिली होती, गॅबापेंटिन, अनोळखी माणसाची भीती कमी व्हावी म्हणून. मूत्रपिंडाच्या आजारात तिचं प्रमाण कमी ठेवावं लागतं, तेव्हा दुसऱ्या कुणाची उरलेली गोळी कृपा करून देऊ नका.

डॉक्टर आणि त्यांची मदतनीस वेळेवर आल्या. डॉक्टरांनी पांढरा कोट घातलेला नव्हता. बॅग बाहेरच्या खोलीतच उघडली आणि ठमीजवळ आल्या त्या रिकाम्या हातांनी. जमिनीवर बसल्या. आई पलंगावर होत्या, ठमी त्यांच्या जुन्या शालीवर. ‘आजी, तिला उचलू नका, आहे तशीच राहू दे,’ म्हणाल्या. तिने बोटांचा वास घेईपर्यंत थांबल्या. भुलीचं इंजेक्शन मागच्या पायाला दिलं, बारीक सुईने, आई तिचे कान खाजवत असताना. ठमीने मान वळवून एकदा पायाकडे पाहिलं आणि परत डोकं शालीवर ठेवलं.

त्यानंतर डॉक्टरांनी घाई केली नाही. दहा मिनिटं तरी गेली असतील. या औषधाने मांजरांना कधी उलटी होते म्हणून मदतनीसाने शालीच्या कडेला हळूच कापड सरकवून ठेवलं होतं; त्याची गरज पडली नाही. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा अर्ध्यावर आला, जिभेचं टोक दातांमध्ये राहिलं. डॉक्टरांनी पंजाच्या बोटांमध्ये चिमटा काढून पाहिला, पापणीच्या कडेला बोट लावून पाहिलं. काहीच हललं नाही. तेव्हा कुठे केस कापायचा क्लिपर काढला.

पुढच्या पायाची शीर मिळाली नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तदाब उतरतो, शिरा बसतात. त्यांनी तीच ती जागा परत परत टोचली नाही. मागच्या पायाच्या आतल्या बाजूचे केस काढले, मदतनीसाने अंगठ्याने वर दाब धरला, आणि तिथे शीर दिसली, निळसर दोऱ्याएवढी. ‘इथेही नसती मिळाली तर पोटातून दिलं असतं, वेळ जास्त लागला असता, पण तिला कळलं नसतं,’ असं त्या काम करता करता हळू आवाजात सांगत होत्या. मग आईंकडे पाहून विचारलं, ‘आजी, देऊ ना?’ आईंनी मान हलवली. ‘ठमे,’ एवढंच म्हणाल्या.

स्टेथोस्कोप बराच वेळ लावून ठेवला. गेली, असं त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं. मग एक उसासा आला, चांगला मोठा. माझ्या पोटात गोळा आला. आईंनी वर पाहिलं आणि विचारलं, ‘डॉक्टर, हे तेच ना, तुम्ही सांगितलेलं?’ ‘हो आजी, तेच.’ डॉक्टरांनी परत स्टेथोस्कोप लावला, पूर्ण मिनिटभर, आणि आईंकडे बघून मान हलवली. आदल्या दिवशी ते सांगितलेलं नसतं, तर आईंनी जन्मभर मनात धरलं असतं की मांजर जिवंत होती. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ही सेवा कुणालाही सुचवेन.

आमचा दुसरा बोका, गबरू, दुसऱ्या खोलीत होता. त्याला आणा, वास घेऊ द्या, असं डॉक्टरांनी सुचवलं. प्राण्याला कळलं तर तो शोधत फिरत नाही असं पुष्कळ पशुवैद्यांचं म्हणणं आहे. तो आला, तिच्या कानाचा वास घेतला आणि खिडकीत जाऊन बसला. नंतरचे काही दिवस मात्र तो तिला शोधायचाच, तेव्हा याचा खात्रीने उपयोग होतो असं मी म्हणणार नाही.

आता खटकलेलं. संमतिपत्र त्यांनी घरी आल्यावर दिलं. दोन पानं, बारीक अक्षरं, त्यात गेल्या दहा दिवसांत प्राणी कुणाला चावला आहे का असा प्रश्न. रेबीजसाठी तो विचारावाच लागतो आणि योग्यच आहे, पण हा कागद आदल्या दिवशी फोनवर पाठवता आला असता. ठमी समोर असताना नवरा कागद वाचत उभा होता. दहनाची सोयही तेच करतात, पण स्वतंत्र की इतर प्राण्यांबरोबर, यातला फरक त्यांच्या माहितीपत्रात नीट लिहिलेला नाही. इतरांबरोबर केलं तर अस्थी परत मिळत नाहीत. आम्ही विचारलं म्हणून कळलं. पुरायचं ठरवलंत तर खोल पुरावं लागतं, कारण हे औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणाऱ्या दुसऱ्या प्राण्याला त्याने विषबाधा होते.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याच संध्याकाळी फोनवर संदेश आला: आमची सेवा कशी वाटली, खाली हसरे चेहरे, त्यातला एक निवडा. ठमीचे केस अजून शालीला चिकटलेले होते. मी डॉक्टरांना तसं कळवलं. त्यांनी लगेच माफी मागितली, तो संदेश आपोआप जातो म्हणाल्या, आणि आता तो बंद केल्याचं नंतर कळवलं. जुन्या दवाखान्यालाही स्वतः फोन करून सांगा, नाहीतर लसीची आठवण येत राहते. ही सूचनाही त्यांचीच.

रात्री ही सेवा येत नाही, आणि मनात आलं त्याच दिवशी वेळ मिळेल असंही नाही, तेव्हा पहिला फोन लवकर करून ठेवावा. नुसतं बोलण्याचे त्या पैसे घेत नाहीत आणि बोलल्यावर परत फोन करून विचारतही नाहीत की कधी येऊ. घरात कुणाला जवळ थांबायचं नसेल तरी चालतं. नवरा भुलीनंतर बाहेर गेला, त्याला कुणी काही म्हटलं नाही.

डॉक्टर लसीकरणालाही घरी येतात असं समजल्यावर आईंनी गबरूचं कार्ड त्यांच्याकडे करून घेतलंय. त्याचं दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं ठरलंय, मूत्रपिंडासाठी.