पत्रिका छापायचं दुकान: चार तारे, पण यादी हातानं लिहून न्या

दुकान अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढं त्याच्या चुका सांगणार आहे आणि पोरगा गुणाचा आहे. भाचीच्या लग्नाच्या ३०० पत्रिका आम्ही तिथं छापल्या. काम माझ्या गळ्यात पडलं. मिशनच्या दवाखान्यात ३४ वर्षं नर्स होते. इतकी वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचलं म्हणजे माझं अक्षर चांगलं असणारच, असा घरात समज आहे.

आमचं घर सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. नवरदेव बल्लारपूरकडचा कॅथलिक. भाचीची मावशी आणि काका मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती मंडळीत, नगरकडं. आता या सगळ्यांचे आशीर्वाद एका पत्रिकेवर बसवायचे होते. मी शहाणपणा केला आणि नावं फोनवर सांगितली.

पहिलं प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं. वर श्री गणेशाय नमः होतं, ते साच्यातलंच. मी काही बोलायच्या आत त्यानं स्वतःच काढून क्रूस टाकला, त्याबद्दल अर्धा तारा जास्त. खाली आमच्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या पास्टरांच्या, नावापुढं छापलं होतं ‘पायक’. दोष त्याचा नाही. आपल्या वऱ्हाडात डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते. चर्चमध्ये मी नीट पाळक म्हणते, फोनवर पायक निघून गेलं असणार. दुरुस्त कर म्हटलं, तर दुसऱ्या प्रुफात ‘पालक’ आलं. खाली नवरीचे खरे पालक, वर हे पालक. माझा भाऊ म्हणाला, “आता जेवणात बी तेच ठेवू, डाळ-पालक.” तिसऱ्यांदा मी कागदावर मोठा ळ काढून फोटो पाठवला. पाळक म्हणजे मेंढरं राखणारा. पास्टर या लॅटिन शब्दाचाही अर्थ मेंढपाळच, हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मंग धनगरच म्हना की.” चुकीचं काही बोलला नाही.

मग मी दुकानात जाऊनच बसले. दोन तास गेले, पण चहा पाजला.

‘श्री. फादर’ खोडलं. फादरच्या आधी श्री. लागत नाही, लिहायचंच तर ‘रेव्ह. फादर’, रेव्ह. म्हणजे रेव्हरंड. त्याखाली नवरदेवाची आत्या, ती नन आहे. तिथं होतं ‘सौ. सिस्टर’. मी कपाळाला हात लावला. तो म्हणे, “तुमी बी सिस्टर, अन् तुमच्या नावाआधी सौ. हायेच ना?” त्याच्या फोनमध्ये माझा नंबर ‘सिस्टर दवाखाना’ म्हणून आहे, त्याचं काय चुकलं? नन लग्न करत नाही, मठाचं व्रत घेतलेली असते, हे समजावलं तेव्हा त्यानं सौ. इतक्या घाईनं पुसलं की पुढचं नावही गेलं.

मावशीच्या यजमानांच्या नावापुढं मेजर. यानं आपल्या मनानं शेजारी छोटा तिरंगा लावून ठेवला होता. “कोन्त्या रेजिमेंटात होते सायेब?” मुक्तिफौजेत हुद्दे सैन्यासारखेच असतात: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, आणि लंडनला सगळ्यांच्या वर जनरल. विल्यम बूथनं १८६५ साली लंडनमध्ये गोरगरिबांसाठी जे काम सुरू केलं, त्याचं १८७८ मध्ये हे फौजेचं नाव पडलं. मावशीही मेजर आहे, तिचं ‘सौ.’ करून हुद्दा उडवला होता. तो परत बसवला. तिरंगा काढला.

खरी गंमत बिशपांची. जागा वाचावी म्हणून त्यांच्या नावाआधीच्या राइट रेव्हरंडचं मीच ‘रा. रेव्ह.’ करून दिलं होतं. पत्रिकेत रा. म्हणजे राहणार. शेजारच्या खुर्चीवरचे एक आजोबा प्रूफ वाचून विचारायला लागले, “हे रेव्ह गाव कोन्या तालुक्यात येते?” पूर्ण शब्द टाकला. मग पोरानं विचारलं, “पल्याडच्या कॅथलिक बिशपले मोस्ट लावलं, तुमच्यावाल्याले राइट. मोस्ट मोठा ना?” म्हटलं, नाही बापा, मोजमाप निराळं आहे. कॅथलिकांचा साधा बिशपही मोस्ट रेव्हरंड. आमच्यात बिशप राइट, आणि मोस्ट फक्त मॉडरेटरला, म्हणजे साऱ्या सीएनआयच्या प्रमुखाला. मॉडरेटर हा शब्द प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांचा, बिशप अँग्लिकनांकडून, म्हणजे इंग्लंडच्या चर्चकडून आलेला. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच सहा चर्चांची मोट बांधली गेली, तेव्हा दोन्ही ठेवून घेतले. तो म्हणाला, “युतीच म्हना.”

रेव्हरंड हा हुद्दा नाही, आदरणीयसारखं विशेषण आहे. ‘आदरणीय आले का?’ असं आपण विचारत नाही. पण मराठीत रेव्हरंड टिळक इतकं रुळलंय की तिथं मी तोंड उघडलं नाही.

पत्रिका वाटल्यावर भावाच्या सासऱ्यांनी बायबलातला मत्तयचा २३ वा अध्याय काढलाच: पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, मग हे फादर कसं छापलं? फादरांना कळलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, पौलानं करिंथकरांना लिहिताना स्वतःला त्यांचा बाप म्हटलंय, पहिल्या पत्राचा ४ था अध्याय बघा. सासरे अजून बघताहेत. हा दुकानाचा दोष नाही.

दुकानाचे दोष हे: पाच दिवस सांगून नऊ लावले. सोनेरी शाई बोटाला लागते, माझ्या पांढऱ्या पदरावर अजून डाग आहे. पाकिटाचा डिंक कामाचा नाही, आम्ही घरी फेव्हिकॉल लावत बसलो. भाव पाकिटासह १२ रुपयांना एक. तीन प्रुफांचे वेगळे पैसे घेतले नाहीत, अमरावतीला घेतले असते. ‘पायक’ छापलेली नमुन्याची प्रत पाळकसाहेबांनी मागून नेली, बायबलात खूण म्हणून ठेवलीय.

आता त्या पोरानं भिंतीवर माझी यादी चिकटवली आहे, फादर, पाळक, मेजर, सिस्टर, कोणाआधी काय लागतं ते. ळ तेवढा मी लाल पेनानं गिरवलाय. आपल्या लोकांसाठी एक: चर्च सुटल्यावर येताना जाऊ म्हणाल, तर रविवारी दुकान बंद असतं.