दारू मोजायचं यंत्र : अकरा महिने आणि एक गुंज

काडतुसात भरायची दारू, म्हणजे गनपावडर, मोजणाऱ्या या यंत्राला दुकानाच्या साइटवर मी जानेवारीत एक तारा दिला. फेब्रुवारीत लाजेकाजेस्तव त्याचे तीन केले. मग लगेच परत दोनवर आणले. हे असं का, ते तिथल्या छोट्या चौकटीत मावेना, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. यंत्राचं नाव देत नाही, कारण कंपनीशी पत्रव्यवहार अजून संपलेला नाही. याच वर्गातली बाकीची यंत्रंही साधारण अशाच बांधणीची असतात, त्यामुळे नावावाचून कुणाचं अडणार नाही.

मी ओहायोत राहतो. महिन्यातून एकदा क्लबात ६०० यार्डांवर .३०८ रायफलीनं नेमबाजी करतो, आणि रजा मिळाली तर उन्हाळ्यात कॅम्प पेरीच्या सामन्यांना जातो. काडतुसं घरी, तळघरात भरतो. गावाकडं हे सांगितलं की पहिला प्रश्न, "म्हणजे आपल्या स्वप्नील कुसाळेसारखं का?" तर नाही. त्याच्या .२२ च्या काडतुसात पेट घेणारं द्रव्य पुंगळीच्या काठातच असतं, ते एकदा उडालं की पुंगळी भंगारात. माझ्या पितळी पुंगळ्यांना मागून वेगळा प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) बसतो, त्यामुळे एकेक पुंगळी सात-आठ वेळा भरून होते. तिकडं भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. इथं स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही, भरून विकायचं असेल तर लागतो. आईनं फोनवर "काय करतोयस?" विचारलं आणि मी "दारू मोजतोय" म्हणालो, तेव्हा तिकडं पसरलेली शांतता मला अजून आठवते.

यंत्राआधी माझ्याकडं जुना दांडीचा तराजू होता (अजून आहे, आणि राहील). मापानं थोडी कमी पावडर टाकायची, मग ट्रिकलरची (थोडे थोडे दाणे पाडणाऱ्या नळीची) मूठ बोटांनी फिरवत दाणा दाणा पाडायचा, दांडी डोलायची थांबेपर्यंत श्वास धरून बसायचं. पन्नास काडतुसांना अख्खी संध्याकाळ. यंत्रात आकडा टाइप करायचा, ते नळी गरागरा फिरवतं, वजन जवळ आलं की हळू होतं, शेवटी थेंब थेंब टाकतं आणि पिक् करतं. साधारण वीस सेकंद. त्या वीस सेकंदांत मी आधीच्या पुंगळीवर गोळी बसवतो. किती ग्रेन (पावडर मोजायचं बारीक वजन) भरायची हे मी लिहिणार नाही, ते पावडर बनवणाऱ्यांच्या पुस्तकात बघावं.

घेताना मी दोन वर्गांमध्ये अडकलो होतो. एक हा तीनशे डॉलरच्या आसपासचा, ज्याच्या काट्यात धातूची पट्टी वजनानं किंचित वाकते आणि त्यावरून आकडा निघतो. अचूकता अधिक-उणे एक दशांश ग्रेन. दुसरा वर्ग म्हणजे ए अँड डी कंपनीचा एफएक्स-१२०आय काटा आणि त्याला जोडलेला कॅनडातला ऑटोट्रिकलर. त्यात पट्टी वाकत नाही, विद्युतचुंबक पारडं जागेवर तोलून धरतो आणि त्याला किती प्रवाह लागला यावरून वजन कळतं. तो दोन शतांश ग्रेनपर्यंत, म्हणजे लांबट पावडरच्या जवळजवळ एका दाण्यापर्यंत जातो. किंमतही जाते, हजाराच्या पुढं.

मी हिशेब केला. .३०८ मध्ये एक दशांश ग्रेननं गोळीच्या वेगात सेकंदाला पाच-सहा फुटांचा फरक पडतो. दहा फुटांचा धरला तरी ६०० यार्डांवर गोळी इंचभर वर-खाली. आमच्या लक्ष्याचं दहाचं वर्तुळ बारा इंचांचं, आतला एक्स सहा इंचांचा. माझा खांदा, माझा श्वास आणि मी चुकीचा ओळखलेला वारा मिळून जे उद्योग करतात, त्यात हा इंच कुठं शोधायचा? सातशे डॉलर वाचवले. या निर्णयाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही, बाकीची कुरकूर वाचताना एवढं लक्षात असू द्या.

पहिले आठ महिने झकास गेले. लांबट दाण्यांची पावडर नळीच्या तोंडाशी गुच्छ करून थांबते आणि मग चार-पाच दाणे एकदम पडतात, वजन जास्त होतं, यंत्र बोंबलतं. हा या जातीचा जुनाच आजार. आरसीबीएसच्या चार्जमास्टर १५०० वर लोकांनी यासाठी नळीत मॅकडॉनल्ड्सच्या स्ट्रॉचा तुकडा बसवायची शक्कल काढली होती. मीही तेच केलं. आधी पन्नासात सहा-सात वेळा बोंब व्हायची, आता एखाद-दुसरी. तीनशे डॉलरचं यंत्र आणि फुकटच्या स्ट्रॉनं सुधारतं, यावर कंपनीनं विचार करायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. हॉपर, म्हणजे यंत्रात पावडर भरायचं भांडं, रिकामा करायचं भोक.

यंत्राच्या कुशीला एक छोटी झडप आहे. काम झालं की ती उघडायची, खाली मूळ डबा धरायचा, पावडर परत. पावडर हॉपरमध्ये ठेवून झोपायचं नसतं. नायट्रोग्लिसरीन असलेली पावडर प्लॅस्टिक खाते, हॉपर धुरकट होतो. शिवाय सकाळी त्यात नेमकी कुठली पावडर होती हे आठवलं नाही तर ती सगळी फेकूनच द्यायची असते, अंदाजानं डब्यात ओतायची नसते. म्हणजे ही झडप दर वेळी वापरात येणारी गोष्ट. आणि तिच्या मागं एक कोपरा असा आहे की तिथं थोडी पावडर बसतेच. यंत्र तिरकं करा, टपल्या मारा, उलटं धरून हलवा, उरतेच.

किती उरते? मी दहा वेळा दांडीच्या तराजूवर मोजली. दीड ग्रेनच्या खाली कधी नाही, बहुतेक वेळा दोनला थोडीशी कमी. इथं मला माझा मामा आठवतो. कोल्हापुरात गुजरीत त्याची सगळी हयात सोनं तोलण्यात गेली. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. इथं आल्यावर कळलं की इंग्रजांनी १८३३ साली तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. म्हणजे दुकानात १८० ग्रेनची म्हणून मिळणारी .३०८ ची गोळी बरोबर एक तोळ्याची! आणि गुंज भरते पावणेदोन ग्रेनच्या किंचित वर. तर माझं यंत्र दर खेपेला एक गुंज ठेवून घेतं. सराफानं असं केलं असतं तर त्याचं दुकान चाललं असतं का?

हे बायकोला ऐकवलं. तिनं विचारलं, पौंडभर पावडर केवढ्याला? म्हटलं, पन्नास डॉलर. पौंडात सात हजार ग्रेन. तिनं फोनवरच हिशेब करून सांगितलं की तुझी गुंज सव्वा सेंटाची आहे, आणि वर्षभराची सगळी मिळून अर्धा डॉलर. त्यानंतर मी तिच्याशी या विषयावर बोलत नाही. मुद्दा पैशाचा नाहीच. मुद्दा असा की आज एक पावडर, उद्या दुसरी, आणि कालची गुंज आजच्यात.

जानेवारीत वेगळंच सुरू झालं. रिकामं पारडं ठेवलं की शून्य यायचं, आणि बघता बघता उणे दोन दशांश, मग अधिक एक, मग परत शून्य. भरलेलं वजन दांडीवर घातलं तर पटेना. मी भरणं थांबवलं, एक तारा दिला आणि कस्टमर केअरला फोन लावला.

पहिला माणूस म्हणाला, वर ट्यूबलाइट आहे का? नाही. दुसरी बाई म्हणाली, मोबाइल शेजारी ठेवता का? नाही. अर्धा तास गरम होऊ देता का? देतो. सोबत दिलेल्या वजनांनी कॅलिब्रेशन केलं का? चार वेळा. तिसऱ्यानं मला घरात पाळीव प्राणी आहेत का विचारलं, ते का ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी, पाठवून द्या म्हणाले. पाठवायचा खर्च माझा, अठ्ठावीस डॉलर. मी वाद घातला की हमी अजून चालू आहे. ते म्हणाले, हमी यंत्राची आहे, कुरिअरची नाही. तीन आठवड्यांनी यंत्र परत आलं, सोबत एक चिठ्ठी: तपासलं, दोष आढळला नाही. तळघरात नेऊन लावलं. शून्य, उणे एक, उणे दोन.

त्या रविवारी मामाचा व्हिडिओ कॉल होता. वय ब्याऐंशी, कान अधू, पण तोंड शाबूत. मी टेबलावरचं यंत्र त्याला दाखवलं, आकडा कसा नाचतोय तेही दाखवलं. त्यानं डोळे बारीक केले आणि म्हणाला, "पंखा बंद केलायस काय रं?"

म्हटलं, मामा, इथं बाहेर उणे दहा आहे, पंखा कशाला लावीन?

"मग वारं कुठनं येतंय? काटा काचंत ठेवतात ते काय शोभंला?"

मी मान वर केली. टेबलाच्या बरोबर वर, छताला, घर गरम करणाऱ्या हवेची जाळी. भट्टी दर पंधरा-वीस मिनिटांनी चालू होते आणि ऊन हवेचा झोत थेट पारड्यावर. उन्हाळ्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत मी हे टेबल पलीकडच्या भिंतीला ठेवत होतो; नाताळात पाहुण्यांची गादी टाकायला इकडं सरकवलं आणि तिथंच राहिलं. वर आणखी एक कबुली द्यायची तर यंत्रासोबत पारडं झाकायचं पारदर्शक झाकणही आलं होतं. पुंगळीत पावडर ओतताना दर वेळी उघड-बंद करायचा कंटाळा, म्हणून मी ते एप्रिलमध्येच खोक्यात टाकून दिलं होतं.

जाळीला पुठ्ठा चिकटवला, झाकण शोधून लावलं. शून्य म्हणजे शून्य. तासभर बसून बघितलं, हललं नाही. पन्नास ग्रॅमचं वजन ठेवून पाहिलं, काढलं, पुन्हा ठेवलं, तोच आकडा. अठ्ठावीस डॉलर गेले ते माझ्या चुकीनं गेले, हे मान्य. पण तीन-तीन माणसांनी कुत्र्या-मांजरांपर्यंत चौकशी केली आणि झाकण लावता का, वरून हवा येते का, हे एकानंही विचारलं नाही, हेही लिहून ठेवतो. तरी न्याय म्हणून त्याच रात्री ताऱ्यांचे तीन केले. चारच करणार होतो.

दुसऱ्या दिवशी भरायला बसलो. भरण्याआधी मी नेहमी झडप उघडून, जुन्या टूथब्रशनं तो कोपरा झाडून, खाली पांढरा कागद धरतो. कागदावर दाणे पडले. यात नवल नाही. पण माझी पावडर लांबट दाण्यांची, पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे केल्यासारखी. कागदावर होते ते गोल, चपटे, चकचकीत. मोजले, चौदा. असली पावडर मी आयुष्यात विकत घेतलेली नाही.

म्हणजे कंपनीच्या तपासणीच्या टेबलावर कुणीतरी त्यांच्या पावडरनं माझं यंत्र चालवून बघितलं, काम झाल्यावर हॉपर रिकामा केला, आणि तो त्यांनाही पूर्ण रिकामा करता आला नाही.

चौदा दाण्यांनी काही होत नाही, हे मलाही कळतं. पण कुठल्या वेगानं जळणारी पावडर होती ती? माझ्या हॉपरमध्ये मी न टाकलेली पावडर आहे, हे मला कागद धरला म्हणून कळलं. न धरणाऱ्याला कळलंच नसतं. भिंगातून फोटो काढला, शेजारी माझ्या पावडरचे दाणे ठेवून, आणि मेल केला. विषयाच्या ओळीत "दोष आढळला" असं लिहिलं, तेवढं सुख मी घेतलं. आणि तारे दोनवर आणले.

विकत घ्यायचं की नाही, असं विचाराल तर घ्या. पन्नास काडतुसं आता सव्वा तासात होतात आणि दर दहाव्या मापाला दांडीवर पडताळलं तर मला आजवर एक दशांशाबाहेर काही सापडलेलं नाही. दांडीचा तराजू मात्र विकू नका. झाकण लावा. वर बघा. पावडर बदलणार असाल तर पांढरा कागद धरा आणि झाडा, मग परत झाडा.

मेलला उत्तर नऊ दिवसांनी आलं. गैरसोयीबद्दल दिलगिरी आणि "आपली सूचना संबंधित विभागाकडं पाठवली आहे." त्यावर मी परत लिहिलंय. काल टपालानं त्यांचं एक पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती. एक छोटा, वाकड्या मानेचा नायलॉनचा ब्रश होता. तो त्या कोपऱ्यात बरोबर बसतो. काल रात्री झाडून मोजली, शून्य पूर्णांक तीन ग्रेन उरली.