ऑब्लिक्वा की अडान्सोनी? पैसे मोजण्याआधी

भोकाभोकांचं जाळीदार पान दिसलं आणि विक्रेता ‘मॉन्स्टेरा ऑब्लिक्वा’ म्हणाला, तरी लगेच पैसे काढू नका. त्या नावाखाली बहुतेक वेळा मॉन्स्टेरा अडान्सोनीच विकलं जातं. दोन्ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांत झाडांवर चढणाऱ्या वेली. अडान्सोनीचं नामकरण १८३० सालचं, ऑब्लिक्वाचं १८४४चं, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने या दोन वेगळ्या जाती आहेत हे जुनंच. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक, ऑब्लिक्वा कितीतरी महाग.

मीही एका ऑनलाइन विक्रेत्याकडून दोन पानांचं कलम ‘ऑब्लिक्वा’ म्हणून भरपूर पैसे देऊन घेतलं होतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये, उघड्या खिडकीत, ते जोमाने वाढायला लागलं आणि तिथेच शंका आली. खऱ्या ऑब्लिक्वाला ती कोरडी हवा सोसलीच नसती.

ओळखायला नुसती भोकं मोजू नका. कोवळ्या रोपाला ती कमीच असतात आणि ऑब्लिक्वाच्या काही प्रकारांना तर नसतातच. पान दोन बोटांत धरा. अडान्सोनीचं पान विड्याच्या पानापेक्षा थोडं जाड, शिरांमधला भाग किंचित फुगीर लागतो. ऑब्लिक्वाचं पान कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. पलीकडचं बोट जवळजवळ दिसतं. ज्याच्यासाठी लोक वेडे होतात त्या पेरूमधल्या प्रकारात पानापेक्षा भोकंच जास्त, मधे हिरव्या दोऱ्या उरल्यासारख्या. अडान्सोनीत भोकांनी निम्मं पान व्यापलं तरी खूप. दुसरी खूण म्हणजे धावता कोंब. ऑब्लिक्वा पानं नसलेली लांब, बारीक दोरी सोडते आणि तिच्या पेरांतून नवी रोपं फुटतात. अडान्सोनीही कधी असा कोंब सोडते, त्यामुळे ही खूण पानाच्या जोडीने बघा.

निगा म्हणाल तर अडान्सोनी समजूतदार आहे. पडद्याआडून येणारा भरपूर उजेड, नारळाच्या सालीचे तुकडे, कोकोपीट आणि परलाइटचं (हलके पांढरे खडे) मोकळं मिश्रण, वरची दोन पेरं माती सुकली की पाणी. चढायला ओला मॉस पोल (शेवाळ गुंडाळलेला खांब) दिलात तर पानं मोठी येतात. उन्हाळ्यात कडा तपकिरी झाल्या तर हवा कोरडी पडली आहे असं समजा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, पाणी निम्म्यावर आणा, नाहीतर मुळं कुजतात. फुलकिडे आणि लाल कोळी ही कीड येते. पानांची मागची बाजू दर आठवड्याला पुसा.

ऑब्लिक्वाला ८० टक्क्यांच्या वरची आर्द्रता बारा महिने लागते, म्हणजे बंद काचपेटी, ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) आणि रोपांसाठीचा दिवा. कोकणातला पावसाळा तिला चार महिने पुरेल, बाकीचे आठ तुम्हाला पुरवावे लागतील. वाढही संथ. काचपेटी आधीपासून चालवत असाल आणि रोज डोकावायची आवड असेल तरच ती घ्या. बाकी सगळ्यांना मी डोळे झाकून अडान्सोनी सांगेन.

तरीही ऑब्लिक्वाच हवी असेल तर विक्रेत्याकडून उजेडासमोर धरलेल्या पानाचा आणि रोप ठेवलेल्या जागेचा फोटो मागा. उघड्या कुंडीत, पंख्याखाली मजेत वाढलेली ‘ऑब्लिक्वा’ दिसली तर अडान्सोनीच्या दरापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. दोन्ही आपल्या अळू-सुरणाच्या कुळातल्या, कच्च्या अळूसारख्याच खाजऱ्या. छाटताना हातमोजे घाला, आणि घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर कुंडी उंच टांगा.