काचेचं शिल्प शिकायला मुंबई गाठावी की नाशकातली बॅच धरावी?

काच भट्टीत जुळवून तिचं शिल्प करायला शिकायचं ठरवलं, तेव्हा माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक, मुंबईला जाऊन शनिवार-रविवारची कार्यशाळा. दुसरी, नाशकातच अंबडच्या बाजूला एका शेडमध्ये आठवड्यातून एका संध्याकाळी भरणारी बॅच. मी दोन्ही केल्या. फुल फ्यूज (काचा पूर्ण वितळवून एक करणं), टॅक फ्यूज (उठाव राखून नुसत्या चिकटवणं), स्लंपिंग (तापवून साच्यावर वाकवणं) म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, कटर हातात धरून झालेला आहे, असं गृहीत धरतो. प्रश्न फक्त पैसे आणि वेळ कुठे घालायचा एवढाच उरला असेल, तर पुढचं वाचा.

मुंबईची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. तिथे टेबलावर आली ती ९० सीओईची, फ्यूजिंगसाठीच बनवलेली रंगीत काच (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती फुगते त्याचा आकडा, तो जुळला तरच दोन काचा एकत्र टिकतात). ही काच पहिल्यांदा हाताळताना जो आनंद होतो तो खरा आहे, त्याला कमी लेखू नये. काही लाल-पिवळ्या काचा भट्टीत जाताना अगदी फिक्या असतात आणि तापल्यावर त्यांचा रंग उमलतो. तांब्याचा अंश असलेली फिरोजी काच गंधक असलेल्या मलईरंगी काचेला टेकवली की दोघींच्या सीमेवर आपोआप गडद तपकिरी रेघ उठते. ती कुणी काढलेली नसते, त्या दोन काचांमधल्या रसायनाची असते. असे खेळ दोन दिवसांत भरपूर शिकायला मिळाले. शिकवणाऱ्या बाईंचा हात सुरेख होता, काचेचा चुरा कसा पसरायचा, कड कशी घासायची, कुठे थांबायचं हे त्या न कंटाळता दाखवत होत्या. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून गेलो, एक रात्र नातेवाइकांकडे काढली, दगदग फारशी झाली नाही. सपाट काम करायचं असेल, म्हणजे पेंडंट, कोस्टर, भिंतीवरचं पॅनल, तर तिथे काही कमी पडेल असं मला वाटत नाही.

शिल्पाचं गणित मात्र वेगळं आहे. उभं राहणारं, वळणारं काम भट्टी एकदाच लावून होत नाही. आधी ८०० अंशांच्या आसपास फुल फ्यूज करून पाया तयार करायचा. मग त्यावर उठाव हवा तर साडेसातशेच्या आसपास टॅक फ्यूज. मग साच्यावर वाकवायचं ते साडेसहाशेच्या आसपास. प्रत्येक वेळी तापमान आधीपेक्षा खाली, नाहीतर आधीचा उठाव बसून जातो. आणि प्रत्येक भट्टीनंतर तुकडा हातात घेऊन, फिरवून, घासून पुढचं ठरवावं लागतं. नेहमीचा दोन थरांचा, सहा मिलिमीटरचा तुकडासुद्धा चढायला, मुरायला आणि निवायला रात्र खातो. शनिवारी संध्याकाळी भट्टी लावली तर रविवारी उशिरापर्यंत झाकण उघडता येत नाही. म्हणजे खरं आकाराचं काम, वाकवण्याचं, तुम्ही कसारा घाट चढून घरी आल्यावर दुसऱ्याच कुणीतरी लावलेल्या भट्टीत होतं.

माझी निवड इथेच ठरली, त्यामुळे इथे जरा थांबतो. मला गोदावरीचा पूर करायचा होता. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीभोवती चढत गेलेलं पाणी, हिरवट-निळ्या पट्ट्यांचे थर, एकावर एक सरकलेले, आणि मध्ये काळसर उभा ठोकळा. रविवारी थर रचून दिले, साचा दाखवून दिला आणि निघालो. पुढच्या आठवड्यात कुरिअरने खोकं आलं. पाण्याच्या तिसऱ्या पट्ट्यातून एक भेग आरपार गेली होती. फोन केला तर उत्तर आलं, 'थर्मल शॉक, म्हणजे तापमान एकदम बदलल्याचा धक्का बसला असावा, काचेत असं होतं.' होतं, मान्य. पण का झालं?

काचेची भेग बोलकी असते. कडा गोल झाल्या असतील तर तुकडा तापमान चढतानाच फुटला आणि नंतर वितळून कडा मऊ झाल्या. कडा धारदार असतील तर फुटला तो उतरताना किंवा भट्टीबाहेर आल्यावर. भेग इंग्रजी एस अक्षरासारखी वळत गेली असेल तर काच नीट मुरलेली नाही, अनीलिंग (ठरावीक तापमानावर मुरवून सावकाश निववणं) कमी पडलं. दोन काचांच्या सीमेला धरून चालली असेल तर त्या दोघींचं जमत नाही. हे सगळं वाचायला तुकडा शेल्फवर जिथे होता तिथे, जसा होता तसा पाहावा लागतो. भट्टीच्या तापणाऱ्या कॉइलजवळ होता का, दाराजवळ होता का, साच्यावर एका बाजूला झुकला होता का? माझ्या भेगेच्या कडा धारदार होत्या. मग ती भट्टीत पडली की निवताना की कुरिअरच्या गाडीत, हे मला आजही सांगता येत नाही. पैसे दिले, कष्ट केले, काम फुटलं, तरीही शिकायला काही मिळालं नाही. या एका गोष्टीचा मला इतका त्रास झाला की बाकी सगळे फायदे त्यापुढे फिके पडले.

आता अंबडची शेड. पत्र्याखाली उन्हाळ्यात उकडतं, बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, रंग मोजकेच. पण बॅच सुरू होते तीच मागच्या आठवड्याची भट्टी उघडून. सर पहिल्यांदा सगळ्यांना मागे उभं करतात आणि म्हणतात, 'हात लावायचा नाही, आधी बघायचं.' मग एकेका तुकड्यावर बोलणं होतं. आमच्या बॅचमधल्या एका मावशींनी मातीच्या मडक्याला पालथं घालून त्यावर काच वाकवली होती. भट्टी उघडली तर काच मडक्याला घट्ट आवळून बसलेली आणि काठापासून खाली उभी भेग. सरांनी विचारलं, 'कड गोल आहे की धारदार?' मावशी वाकून बघून म्हणाल्या, 'धारदार.' मग कारण निघालं. निवताना माती काचेपेक्षा कमी आकसते, काच बाहेरून आवळत जाते आणि तिला जागा मिळत नाही. म्हणून मातीच्या साच्यात काच आतल्या बाजूला बसवायची आणि बाहेरून ओढून घ्यायची असेल तर स्टीलचं भांडं घ्यायचं, कारण स्टील काचेपेक्षा जास्त आकसून स्वतःच सुटतं. मडकंच हवं असेल तर मध्ये फायबर पेपरचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मऊ कागदाचं अस्तर द्यायचं. मावशींचा तुकडा गेला, पण त्या संध्याकाळी शेडमधल्या प्रत्येकाला साचा कसा निवडायचा ते समजलं. दुसऱ्याच्या भट्टीतून असं शिकायला मिळणं हेच मला या बॅचचं सगळ्यात मोठं देणं वाटतं.

दुसरा फायदा जाडीचा. शिल्प म्हटलं की काच जाड होते आणि जाड काचेला उतरायला अतोनात वेळ लागतो. फ्यूजिंगची काच बनवणाऱ्या बुल्सआय कंपनीच्या तक्त्यात इंचभर जाडीच्या तुकड्याला ४८२ अंशांवर चार तास मुक्काम सांगितला आहे, दोन इंचाला आठ, आणि त्यानंतर उतरण्याचा वेग जवळपास चौथाईवर येतो. जाडी दुप्पट झाली की निवणं साधारण चौपट लांबतं, असं समजा. दोन दिवसांच्या कार्यशाळेत हे बसणारच नाही, त्यामुळे तिथे सगळ्यांचं काम पातळ राहतं. अंबडला सर भट्टी लावून कुलूप घालतात आणि गरज पडली तर ती पुढच्या बॅचपर्यंत शांतपणे निवत राहते.

नाशकातल्या बॅचच्या उणिवाही सांगायला हव्यात. इथे काम चालतं ते मुख्यतः खिडकीच्या फ्लोट काचेवर, काच-ॲल्युमिनिअमच्या दुकानात उरलेल्या पट्ट्यांवर. स्वस्त आहे, पण लहरी आहे. तापवताना चढ-उतार रेंगाळला की वर पांढुरकी साय धरते, चमक जाते. ही काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवलेली असते, त्यामुळे तिची एक बाजू कथिलाची असते आणि ती कुठे आहे हे न पाहता थर लावले तर वाकवताना त्या बाजूवर धुरकट छटा उठू शकते. सरांकडे अतिनील दिवा आहे, त्याखाली कथिलाची बाजू दुधाळ चमकते. आणखी एक, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फ्लोट काचा एकमेकींशी जुळतीलच असं नाही, म्हणून एका कामाचे सगळे तुकडे एकाच शीटमधून कापायचे.

रंगाची उणीव मी थोडीफार भांडीबाजारातून भरून काढली. तांब्याचा अगदी पातळ पत्रा कात्रीने कापून दोन काचांच्या मध्ये ठेवला की बंद जागेत तो लालसर मरून होतो, आणि जिथे हवा लागते तिथे काळपट-हिरवट पडतो. पुराच्या गढूळ पाण्याला ही छटा मुंबईच्या निळ्या काचेपेक्षा जास्त शोभली, निदान माझ्या डोळ्यांना तरी.

वीज हा नाशकातला दुसरा प्रश्न. पावसाळ्यात मध्येच लाइट जाते. अनीलिंगचा टप्पा पार झाला असेल तर झाकण न उघडता सोडून द्यायचं, भट्टी स्वतःच हळूहळू निवते आणि बहुतेक वेळा काम वाचतं. ऐन मुक्कामात गेली तर सगळं पुन्हा वर नेऊन मुरवावं लागतं. त्यामुळे जाड काम मी दिवाळीनंतरच लावतो.

खर्चाचं म्हणाल तर माझ्या खिशाला दोन्हीकडे फारसा फरक जाणवला नाही. मुंबईत फी एकदाच पण मोठी, वर जाणं-येणं. इथे महिन्याची फी आणि भट्टीत व्यापलेल्या जागेचे वेगळे पैसे. स्वतःची भट्टी घेऊन घरी शिकावं, असंही काही जण म्हणतात. मी आत्ता तरी तसं सुचवणार नाही. जरा मोठ्या भट्टीला थ्री-फेज लागतं, आणि एकट्याच्या भट्टीत दुसऱ्यांचे तुकडे बघायला मिळत नाहीत.

तर मग कुणी कुठे जावं? काचेचा रंग ही ज्याची मुख्य ओढ आहे, ज्याला दागिने किंवा सपाट चित्रं करायची आहेत, किंवा हे आपल्याला आवडतंय का एवढंच एकदा बघायचं आहे, त्याने खुशाल मुंबईला जावं, दोन दिवस वाया जाणार नाहीत. ज्याला काच उभी करायची आहे, वळवायची आहे, त्याने नाशकातली बॅच धरावी, निदान एक पावसाळा सोडून बाकीचं वर्ष तरी. शिकवणारे आणि भट्ट्या सगळीकडे सारख्या नसतात, त्यामुळे तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. पण पैसे भरण्याआधी दोन्हीकडे एक प्रश्न नक्की विचारा: माझ्या कामाची भट्टी उघडताना मी तिथे असेन का?

आणि मुंबईलाच जाणार असाल तर तुमच्या तुकड्याचं फायरिंग शेड्यूल (किती तापमान, किती वेळ) लिहून मागा, झाकण उघडल्यावर तुकडा न हलवता त्याचे दोन-तीन फोटो पाठवायला सांगा. कार्यशाळेतल्या रंगीत काचेच्या उरलेल्या पट्ट्या मिळाल्या तर जरूर घेऊन या, पण त्या वेगळ्या डब्यात, ९० सीओई असं लिहून ठेवा. फ्लोट काचेचा आकडा त्याहून बराच कमी, साधारण ८३-८४ च्या आसपास असतो, त्यामुळे दोन्ही एका तुकड्यात घातल्या की त्या सीमेवर फुटणारच, कधी भट्टीतून काढताना, तर कधी शोकेसमध्ये ठेवल्यावर काही दिवसांनी.