पडक्या मळ्यातल्या घरासाठी तयार मुरवलेला चुना: घ्यावा का?

कोल्हापूरकडच्या पन्हाळा-करवीर भागात मळ्यांतून ब्रिटिश काळातली घरं, गुऱ्हाळघरं अजून उभी दिसतात. छप्पर बसलेलं, मंगलोरी कौलांचा खच पडलेला, पण चुन्यातल्या भिंती ताठ. त्या वाचवायला निघालेला माणूस आधी सिमेंटचं पोतं आणतो आणि तिथंच भिंतीचा घात होतो. दगडांमधल्या सांध्यातून, म्हणजे दरजेतून, बाहेर पडणारी ओल सिमेंटमुळे दगडातून वाट काढते, क्षार दगडाच्या तोंडाशी साठतात आणि जांभ्याचे पापुद्रे सुटायला लागतात.

म्हणून ड्रममध्ये मिळणारा तयार मुरवलेला चुना पैसे देऊन घ्यावा असाच आहे. कळीचा चुना (भट्टीतून आलेला, पाणी न लागलेला) घरी विझवता येतो, पण पाण्यात चुना टाकायचा, चुन्यात पाणी नाही; उकळी फुटते, डोळ्यांना चष्मा हवाच. वर चाळून किमान महिनाभर मुरवायचा. पोत्यातली चुन्याची पावडर सगळ्यात बेभरवशाची. चिमूटभर पावडर व्हिनेगरमध्ये टाका. जोरात फसफसली तर तिनं हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच ओढलाय, ती धरणार नाही. ड्रम घेताना झाकण उघडून बघा: वर पाणी हवं आणि खालचा चुना लोण्यासारखा थापीवर उभा राहायला हवा. बोटांना खडे लागले तर परत करा.

खरेदीआधी भिंत तपासा. बहुतेक पडझड माथ्यावरून होते, पाणी तिथूनच भिंतीच्या पोटात उतरतं. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख टाका. पावसाळ्यानंतर पट्टी तुटलेली दिसली तर भिंत हलतेय. आधी टेकू, मग चुना. पिंपळाचं मूळ ओढून काढू नका, दगड सोबत येतात. बुंधा कापून मूळ मारा, वाळल्यावर पोकळी भरा.

दरजेसाठी एक घमेलं चुन्याला तीन घमेली धुतलेली खरबरीत वाळू. माथ्यासाठी एक चुना, एक सुरखी (भाजक्या विटांची भुकटी), दोन वाळू. सुरखीमुळे माल पावसात टिकतो. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) न धुता वापरली तर तिच्यातल्या भुकटीनं हमखास तडे जातात. दरज निदान 25 मिलिमीटर खोल खरवडा, पाणी मारा, एका थरात 10-12 मिलिमीटरच भरा. जाड थर वरून वाळतो आणि आत कच्चा राहतो. मोठ्या दरजेत दगडाच्या चिपा दाबून बसवा.

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि फेब्रुवारीत आटपा. एप्रिलच्या उन्हात चुना धरण्याआधीच सुकून भुगा होतो. ओलं गोणपाट दोन-तीन आठवडे भिंतीवर हवंच. गवंडी याच टप्प्यावर कंटाळतात, तेव्हा पाणी मारायला माणूस आधीच ठरवून ठेवा.

ड्रममध्ये चुना उरला तर वर दोन बोटं पाणी ठेवून झाकण घट्ट लावा. पुढच्या हंगामात तो आणखी चांगला लागतो.